न तोडलेलं कुलूप

३ मार्च

चि. सौ. शेंगेस,

अनेक आशीर्वाद. मोबाईलच्या जमान्यात बाबांना पत्राची काय हुक्की आली, असं म्हणशील. हुक्की नाही गं. तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं, माझ्याच फोनला काहीतरी झालंय. दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने स्वतःच्या फोनवरून तुझा नंबर फिरवला, तर लगेच वाजायला लागला. त्याने पटकन बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, तुमचा फोन ठणठणीत आहे." मग मीच काय ते समजलो.

पत्ता तुमच्या इथल्या जुन्या घरमालकाकडून घेतला. तो देत नव्हता. तासभर बसून राहिलो तेव्हा दिला.

तू गेलीस त्याला चार महिने झाले. समुद्राकडचा रस्ता आता ओळखणार नाहीस. तुमच्या भाड्याच्या छत्र्या-खुर्च्यांच्या दुकानापासून धक्क्यापर्यंतची बुटक्या दुकानांची रांग साफ गेली. मागची अर्धी बाजू आधीच उभी होती, पुढची बाजूही तीन महिन्यांत चढवली. फोटोवाला गेला, टोप्यावाली गेली, दोन्ही लॉजं गेली. तिथे आता काचेचा कॉम्प्लेक्स आहे. खाली एकशे दहा गाळे, वर ऑफिसं, त्यावर हॉटेल. रस्त्यावरून चालताना समुद्र दिसायचा तो आता दिसत नाही. बघायचा असेल तर सरकत्या जिन्याने गच्चीवर जायचं. तिथे खुर्च्या आहेत, पण काही मागवल्याशिवाय बसू देत नाहीत.

मला आत जागा मिळाली आहे. जिन्याखाली आहे, पण तिला नंबर आहे, तळ-सत्त्याण्णव-ब. काचेवर 'चाव्या व कुलपे' अशी अक्षरं चिकटवून घेतली. फुटपाथवरच्या खोक्यात अठ्ठावीस वर्षं काढली, आता डोक्यावर छप्पर आलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, "जिन्याखाली का होईना, चावीवाला घरात आला."

तुझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, हाताला ताकद आली का? घरमालक म्हणाला, जानेवारीत झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजव्या हाताने ते एका दमात छत्री वाळूत रोवायचे. बायकापोरं बघत उभी राहायची.

तुमच्या सहा छत्र्या माझ्याकडे आहेत. त्या दिवशी फुटपाथवरून उचलून आणल्या. खुर्च्या नाही वाचवता आल्या, तासाभरात लोकांनी नेल्या. पोहायच्या ट्यूबा तर पहिल्या दहा मिनिटांत. असं मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस, मी उत्तर दिलं. गावात चावीवाला काय मी एकटा आहे? आणखी चौघं आहेत. तरी तू चहा तसाच टाकून उठलीस. बापाचा शब्द पुरत नसेल तर काय करायचं सांग.

दोन ओळी लिही.

तुझे बाबा


२२ एप्रिल

चि. सौ. शेंगेस,

पोस्टाचा घोळ असेल असं धरून पुन्हा लिहितोय. लहानपणी शेंगेसारखी बारीक होतीस, पण हट्ट तुझ्या वजनाच्या दुप्पट. तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस तर मी तीन दिवस मनधरणी करायचो. ती सवय गेलेली नाही.

ऐन सीझन आहे. कॉम्प्लेक्समध्ये गाणी वाजतात, दारातला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करतो. मलाही करतो. पण गंमत ऐक. एकशे दहापैकी फक्त तेवीस गाळ्यांची शटरं वर असतात. बाकीचे विकले गेलेत म्हणे. विकले म्हणजे कुणा डॉक्टरने घेतला, कुणा परदेशातल्या इंजिनियरने दोन घेतले. भाव चढला की विकायचे. दुकान थाटायचं कुणाच्याच मनात नाही. परवा एक जोडपं आपला गाळा बघायला आलं. खाऱ्या हवेने शटर असं धरलं होतं की मला दीड तास लागला. उघडल्यावर बाईंनी आत डोकावलं, म्हणाल्या, "छान आहे हो." फोटो काढला आणि बंद करायला सांगितलं.

वरच्या हॉटेलात खोल्यांना चाव्याच नाहीत. पत्त्यासारखं कार्ड लावलं की दार उघडतं. पूर्वी लॉजवरचा एकतरी पाहुणा रोज चावी समुद्रात हरवायचा आणि माझी पोळी पिकायची. आता कार्ड हरवलं की खाली काउंटरवर दुसरं देतात. कॉम्प्लेक्स बांधणाऱ्या कंपनीच्या साहेबाला मी विचारलं, "सगळ्या इमारतीच्या कुलपांचं काम मला देणार होतात ना?" तो म्हणाला, "देणार आहे ना काका. कुलपं येऊ तर देत."

किनाऱ्यावर आता कंपनीच्याच खुर्च्या असतात. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर एकच नाव. उन्हात डोळे दिपतात. तुझ्या सासऱ्यांच्या छत्र्यांचे दोन पट्टे कधी एका रंगाचे नसायचे. फाटलेल्या जागी विहीणबाई सापडेल त्या कापडाचं ठिगळ लावायच्या. लांबून आपली छत्री ओळखता येते म्हणून तीच माणसं दरवर्षी तीच छत्री मागायची.

घरमालक म्हणतो, तू कसल्याशा दुकानात काउंटरवर उभी राहतेस आणि सासूबाई दिवसभर घरी अण्णांपाशी असतात. पाय दुखत असतील तुझे.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. तुमचं सामान बाहेर पडलं त्या आठवड्यात कंपनीने मला बरीच कामं दिली होती. रांगेतली रिकामी दुकानं उघडायची, नवी कुलपं घालायची. त्यात कुठली कुठली होती ते आता आठवत नाही.

म्हणजे आठवतं. पण ते पत्रात कशाला.

तुझे बाबा


११ जून

शेंगे,

बातमी मला आठ दिवसांनी कळली. फोटोवाला बाजारात भेटला, म्हणाला, "तुमचे व्याही गेले ना हो?" आणि माझं तोंड बघून त्याला कळलं की मला कुणी कळवलेलं नाही. त्याने विषय बदलला. त्यानेही बदलायलाच हवा होता, कारण त्यालाही कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आलो. तुला माहीत नाही. तुमच्या घराच्या समोर ते औषधाचं दुकान आहे ना, त्याच्या पायऱ्यांवर उभा होतो. दारात चपलाच चपला. तू गॅलरीत आलीस, एक टॉवेल झटकलास, दोरीवर टाकलास. बारीक झाली आहेस. तुझं लक्ष खाली होतं, पण माझ्याकडे नव्हतं. औषधवाल्याने विचारलं, "कोण हवंय?" मी म्हणालो, "पत्ता चुकला." साडेबाराच्या बसने परत आलो.

बसमध्ये ठरवलं की आता सांगून टाकायचं. माणूस गेल्यावर सांगतोय, म्हणजे वरातीमागून घोडं. पण घोड्याने काय जन्मभर तबेल्यातच राहायचं?

कुलूप मी उघडलं.

सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. दुकान सोडायला लागू नये म्हणून कंपनीशी तुमची केस चालू होती. वकिलाने सांगितलं होतं की दुकानाचा ताबा सुटता कामा नये, आत कुणी ना कुणी असलंच पाहिजे. वर्षभर तुम्ही ते पाळलंत. अण्णा रात्री खुर्च्यांच्या चळतीवर झोपायचे. मग त्या शनिवारी तू माझ्या खोक्यावर आलीस. केस ओले होते. स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "बाबा, मंगळवारी आम्हा चौघांनाही कोर्टात जायचंय. सगळ्यांच्या सह्या आहेत. दुकानात कुणीच नसणार."

मी म्हणालो, "मग?"

"अण्णा म्हणालेत, कुणाला बोलायचं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते. येता-जाता जरा नजर ठेवाल?"

मी म्हणालो, "ठेवतो की."

सोमवारी कंपनीचा तो साहेब आला, काखेत फाइल घेऊन. स्टुलावर बसला, मी चहा मागवला. म्हणाला, "काका, नगरपालिका फुटपाथ मोकळे करणार. तुमच्या खोक्याला कागद आहे का?" कागद कुठला असणार? मग म्हणाला, आत जागा देतो, इमारतीतल्या सगळ्या कुलपांचं काम देतो. आणि उठता उठता, अगदी सहज, "तुमचे व्याही दुकान सोडून कधी कुठे जातच नाहीत का हो?"

शेंगे, माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. हातात चहाचा कप होता. मी म्हणालो, "उद्या जाणार आहेत."

मंगळवारी अकरा वाजता त्याने मला दुकानापाशी नेलं. एक कागद दाखवला. म्हणाला, कोर्टाचा हुकूम आहे. मी म्हणालो, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशात होता. मी छिन्नी काढली तर म्हणाला, "तोडायचं नाही हं, काका. ओरखडासुद्धा नको." मला वाटलं, बरा माणूस आहे, दुसऱ्याच्या वस्तूची कदर करतो. ते कुलूप मीच तुझ्या लग्नाच्या वर्षी अण्णांना बसवून दिलं होतं. "व्याह्याचं कुलूप आहे, चोराच्या बापाला उघडणार नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. चार मिनिटं लागली.

सामान बाहेर काढताना मी तिथेच उभा होतो. सहा छत्र्या उचलल्या आणि घरी गेलो.

त्या संध्याकाळी तू आलीस तेव्हा एवढंच विचारलंस, "बाबा, तुम्ही उघडलंत का?" वकिलानेच तुला पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. कंपनीने कोर्टात सांगितलं की कुलूप फुटलेलं नाही, शटरला खरचटलेलंही नाही, म्हणजे भाडेकरूने राजीखुशीने चावी दिली. ज्याने उघडलं तो माणूस उभा राहून बोलला असता तर तुमचं दुकान उभं राहिलं असतं. मी बोललो नाही. माझी जागा जात होती, आणि तुझ्या सासरच्यांपुढे मान खाली जात होती. आता जागा आहे आणि मान कुठे ठेवावी कळत नाही.

दुकानात कुणी नसल्याची खबर दिली म्हणून जावईबापूंनी फोटोवाल्यावर संशय घेतला. भर रस्त्यात त्याची गचांडी धरली. वीस वर्षांचा शेजार तुटला. तू तेव्हा गप्प राहिलीस. मंगळवारचं तू मला सांगितलं होतंस, हे घरात बोलली नसणारच, मी तुला ओळखतो. बरंच केलंस. ते तसंच राहू दे. पाप माझं आहे, तू फक्त बापावर विश्वास टाकलास.

काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण दे.

बाबा


२ जुलै

शेंगे,

तीन आठवडे झाले. तुझं काही नाही.

मी तुमच्या वकिलाकडे जाऊन आलो. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसलो, मग आत घेतलं. म्हणालो, साहेब, कुलूप मी उघडलं, लिहून घ्या, सही करतो. त्यांनी पेन उचललंसुद्धा नाही. म्हणाले, "आता? तुमच्या व्याह्यांनी एप्रिलमध्येच तडजोडीवर सही करून दिली. डाव्या हाताने केली, मीच कागद धरला होता."

मी म्हणालो, "पण आता मी खरं सांगतोय ना."

"कुणाला सांगताय? अर्ज करणारा माणूस गेला. दुकान होतं तिथे आता सरकता जिना आहे. कोर्ट काय जिना काढून दुकान ठेवायला सांगेल?" मग म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये यायला हवं होतंत." त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

कॉम्प्लेक्स दुसऱ्या कंपनीने घेतला. फाइलवाला साहेब एका दिवसात दिसेनासा झाला. म्हणतात, दोन गावं पलीकडे नवा किनारा बघायला गेलाय. नव्या लोकांनी सगळ्यांना नोटिसा दिल्या. जिन्याखालची जागा आगीच्या नियमात बसत नाही, महिनाअखेर मोकळी करायची आहे. फुटपाथवर परत जावं म्हटलं तर तिथे झाडांच्या कुंड्या मांडल्यात. हे तुला दया यावी म्हणून सांगत नाही. तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही म्हणून सांगतो.

खाली अकरा शटरं उघडी आहेत.

पत्र मिळालं, एवढं तरी कळव.

बाबा


२० जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र तुमच्याच नावाने घालतोय. माझी आधीची पत्रंही तुम्हीच वाचलीत, हे मला चार दिवसांपूर्वी कळलं.

गुरुवारी दुपारी मी जागा आवरत होतो, चाव्यांचे जुडगे खोक्यात भरत होतो, तर शेंगा समोर उभी. हातात एक बॅग. मी इतक्या घाईने उठलो की कानशी, पकडी सगळं खाली सांडलं. वाटलं, पत्राने काम केलं.

मी म्हणालो, "आलीस? वाचलंस?"

ती म्हणाली, "मी एकही उघडलं नव्हतं. आली की कपाटात टाकत होते. आई वाचायच्या."

मग तिने सांगितलं. तुम्ही जूनचं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलंत. जावईबापूंनी उभ्यानेच वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "काही दिवस तिकडे जाऊन ये." तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसून होतात. तिने बॅग भरली, तेव्हा तुम्ही फक्त अण्णांच्या जुन्या छत्रीचं कापड तिच्या बॅगेतून काढून घेतलंत, ज्याची ती पिशवी शिवत होती. हे तिने मला अगदी बातम्या सांगितल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, "मग तू त्यांना काय म्हणालीस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

ती आतल्या खोलीत असते. मी जेवण वाढून ठेवतो आणि बाहेर जातो, परत येईपर्यंत ताट धुतलेलं असतं. चार दिवस असं चाललंय. लेक घरात यावी म्हणून मी साडेचार महिने पत्रं लिहीत होतो.

म्हणून आता जे लिहितोय ते नीट वाचा, जावईबापूंनाही द्या.

जूनच्या पत्रात मी कुलपाचं लिहिलं ते खरं आहे. पण शेंगेचं लिहिलं ते खोटं आहे. ती शनिवारी माझ्याकडे आली नव्हती. मंगळवारचं तिने मला सांगितलं नाही. कोर्टाच्या तारखा बाहेर फळ्यावर लागतात, कुणीही वाचतो. त्या साहेबाला तारीख आधीच माहीत होती, त्यानेच मला सांगितली. तुम्ही चौघं जाणार हेही त्यालाच माहीत होतं, कुठून ते मला ठाऊक नाही. मग मी तिचं नाव का घातलं, असं तुम्ही विचाराल. मला एकट्याला ते झेपेना. वाटलं, थोडं पोरीवर टाकलं तर ती रागावून तरी उत्तर देईल. म्हातारा माणूस असा विचार करतो. ओले केस, स्टूल, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, सगळं मी रचलं. तुम्ही म्हणाल, एवढं बारीकसारीक कुणी रचतं का? मी रचतो. अठ्ठावीस वर्षं रस्त्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्यात, मला बोलायला येतं.

अण्णांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं, ते तिने पाळलं. तुमचं दुकान तिने घालवलं नाही. अण्णांच्या आजारपणात तिने काय केलं ते तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला.

मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही, लिहिणार नाही. ती तिकडे आली की माझा पत्ताही तिच्याकडे राहायला नको, मी ही खोली सोडतोच आहे. जावईबापूंना म्हणावं, माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेवा. रविवारच्या बसला मी तिला बसवून देईन. स्टॅंडवर कुणी घ्यायला आलं नाही तरी चालेल, फक्त दार उघडा.

ती आल्यावर तिला जेवायला वाढा, बोला, नका बोलू, तुमची मर्जी. पण शनिवारचं तिला विचारू नका. तिला खोटं बोलता येत नाही.